लख्ख भांड्यांची गल्ली

मागच्या अंगणात एकोणचाळीस जुन्या बॅटऱ्या होत्या. फोडलेल्या चौदा, न फोडलेल्या पंचवीस. दोन हातोडे, एक लोखंडी कढई, आम्लाने अर्धा भरलेला निळा पिंप, शिसं ओतायचे सहा साचे. कढईजवळ राखेचा डबा, आणि डब्याशी बसून चमच्याने बाहुलीला राख भरवणारी एक चार वर्षांची मुलगी.

रविवारची सकाळ होती. आई मोरीत बसून ताटं घासत होती. शिसं वितळवल्यावर उरणारी राख या गल्लीत भांड्यांना वापरतात. साबणाला दाद न देणारा डाग या राखेने निघतो आणि ताटात तोंड दिसतं. पलीकडच्या वस्तीतल्या बायकाही मागायला येत. आई हौसेने पुडी बांधून देई.

"आई, ती राख मी प्रयोगशाळेत तपासली," थोरली म्हणाली. ती रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. "शंभर ग्रॅममध्ये एकेचाळीस ग्रॅम शिसं निघालं."

"अगंबाई! मग बाबांना सांग, पुन्हा वितळवतील."

थोरली हसली नाही. गल्लीतली सहा मुलंमुली जमवून तिने वर्षभर मातीचे, पाण्याचे नमुने गोळा केले होते. त्यांचं मागणं एवढंच होतं की घराघरातल्या भट्ट्या उचलून वस्तीबाहेरच्या शेडमध्ये न्याव्यात. नगरपालिकेतले साहेब म्हणाले होते, "मातीचं राहू दे. आजारी माणूस दाखव." म्हणून आज अकरा वाजता शाळेच्या व्हरांड्यात नर्स येणार होती. बोटातल्या दोन थेंब रक्तातलं शिसं मोजणारं यंत्र ती आणणार होती. यादीत तेवीस मुलं होती. पहिलं नाव तिच्या चार वर्षांच्या धाकट्या बहिणीचं.

अकरा वाजले. बारा वाजले. व्हरांड्यात नर्स, टेबल आणि थोरली.

इथली मुलं उशिरा बोलतात, पोट धरून रडतात, शाळेत मागे पडतात. "आमच्याकडची पोरं जरा मंदच," असं म्हणून गल्ली ते झाकते. कागदावर आकडा आला की झाकणार कसं? तसल्या घरची मुलगी सून म्हणून कोण नेणार? आदल्या दिवशी वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं की कुणीही मूल पाठवायचं नाही.

नर्सला एक वाजेपर्यंत थांबायला सांगून थोरली घरी आली. दारातच आत्या उभी होती, बाबांची मोठी बहीण.

"पुढच्या महिन्यात लग्न तुझं, आणि स्वतःच्याच घराची दवंडी पिटतेस? त्या लोकांना कळलं तर दारात तरी उभे राहतील का?"

"लग्न मोडलं तर मोडू दे, आत्या. धाकटीला तपासू द्या."

"हिला काय धाड भरलीय?"

"चार वर्षांची झाली. किती शब्द बोलते, मोजलेत कधी? मी मोजले. एकोणीस."

"तुझा बाप पाचव्या वर्षी बोलला! त्याचं काय अडलं?"

सगळ्यांच्या नजरा बाबांकडे वळल्या. ते दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होते. वर्षभर मनगट वर उचललं जात नव्हतं. कुणी विचारलं की म्हणत, "हातोडा जड झालाय आताशा."

बाबांनी कप खाली ठेवला. "चल गं चिमणे."

ते वाकले, धाकटीला उचलू लागले. मनगटं लुळी पडली आणि पोर मांडीवरून घसरून जमिनीवर बसली. त्यांनी पुन्हा उचललं, ती पुन्हा घसरली. तिला तो खेळ वाटला. ती खिदळली. बाकी कुणी हसलं नाही.

आईने हात पदराला पुसले. मग पदराकडे पाहिलं, नळाखाली गेली आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. धाकटीला कडेवर घेतलं.

"अगं, उद्या तोंड दाखवायला जागा उरणार नाही," आत्या म्हणाली.

"नाही उरली तर नाही उरली, अक्का. वाट सोडा."

गल्लीतली दारं अर्धवट उघडी होती. "कुठं निघालात भरउन्हात?" एका दारातून शेजारीण म्हणाली.

"बोट टोचायला. तुझंही पोर घे, चल."

ते दार बंद झालं. पुढची दोन त्यांच्या पोहोचण्याआधीच लागली.

नर्सने धाकटीचे हात दोनदा धुतले. "पाचच्या वर आकडा आला की काळजी घ्यायची," तिने आईला समजावलं. "पंचेचाळीसच्या वर गेला, तर आजच्या आज इस्पितळात."

टोचल्यावर धाकटी रडली नाही. यंत्रावर एकशे ऐंशी सेकंद उलटे मोजले जाऊ लागले.

"जास्त आला, तर गल्लीला सांगणार आहेस?" आईने थोरलीला विचारलं.

"हो."

आईने धाकटीला घट्ट धरलं. "सांग. नावासकट सांग."

यंत्र वाजलं. नर्सने पडद्यावरचा आकडा यादीतल्या पहिल्या नावापुढे लिहिला: बावन्न पूर्णांक सहा.