संध्याकाळी घरी येणारी स्कूटर

मित्रांनो, नाशिकच्या इंदिरानगरात एका रो-हाउसच्या पोर्चमध्ये, हॉलच्या खिडकीखाली जी वांगी रंगाची स्कूटर उभी असते, ती मी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा मी वयाने मोठी आहे. अंगावर पोचे आहेत आणि डावा आरसा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आहे. गल्लीतली मुलं माझ्याकडे बोट दाखवून कुजबुजतात, "या गाडीत भूत आहे." पूर्वी मला या बोलण्याचा फार राग यायचा. आता येत नाही, कारण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्या कितीतरी जणींबरोबर ट्रकमध्ये दाटीवाटीने उभी राहून मी नाशिकला आले. ज्ञानेश तेव्हा अंबडच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन होता. शोरूममध्ये काळी घ्यावी की लाल, यावर तो डोकं खाजवत बसला, तेवढ्यात त्याची आई साळूबाई माझ्यासमोर येऊन म्हणाली, "ही घे. आपल्या मळ्यातल्या वांग्यावानी हाय." तिच्या माहेरी भाजीचा मळा होता आणि तिला सगळे रंग भाजीतूनच कळायचे. चाकाखाली लिंबू ठेवून, हँडलला झेंडूची माळ घालून मला घरी नेलं. वांगं म्हटल्याचा अपमान मी त्या माळेपायी गिळला.

मग मात्र मी कामात कसूर केली नाही. सकाळी ज्ञानेशला अंबडला न्यायची, दुपारी साळूबाईला बाजारात. ती एका बाजूला पाय सोडून, मेथीच्या जुड्या पोटाशी धरून बसायची आणि प्रत्येक गतिरोधकावर ज्ञानेशला दटावायची. पुढे ज्ञानेशचं लग्न झालं. त्याची बायको तृप्ती नर्स. तिच्या ड्युटीच्या वेळा सांभाळताना माझी दमछाक व्हायची, पण नवनाथ मेकॅनिक माझं इंजिन ऐकून "शंभर नंबरी!" म्हणाला की शीण जायचा. एका पावसाळ्यात तेवढा माझ्या हॉर्नचा घसा बसला, तो बसलाच. ज्ञानेशने तो कधी बदलला नाही. संध्याकाळी कोपऱ्यावर तो घोगरा हॉर्न दोनदा वाजवायचा, की साळूबाई चहा टाकायची आणि दार उघडायची. त्या दोघांचा तो ठरलेला रिवाज होता.

तृप्तीने परदेशी जायची परीक्षा दिली, तेव्हा क्लासला मीच नेलं तिला. एकदा पांडवलेणीच्या पायथ्याशी दोघं माझ्या सीटवर टेकून बराच वेळ बसले होते.

"तिकडे गेलो की आयुष्य मार्गी लागेल," तृप्ती म्हणाली. "इथे किती वर्षं राबायचं?"

"आई-बाबा?"

"दोन वर्षांत त्यांनाही नेऊ की."

मित्रांनो, मीसुद्धा ते खरंच मानलं. त्यांनीही खरंच मानलं होतं. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

आयर्लंडला जाताना त्यांनी पलंग विकला, फ्रिज तृप्तीच्या भावाला दिला. मला बघायलाही गिऱ्हाईक आलं होतं. पण साळूबाई पोर्चमध्ये आडवी उभी राहिली. "गाडी नाय द्यायची. ज्ञान्या आला की त्याला लागंल." म्हणून मी राहिले. माझ्यावर मेणकापड घातलं आणि हळूहळू माझी अडगळ झाली. मुंग्यांनी सीटखाली घर केलं.

ज्ञानेशचे वडील मोतीराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. मशीन बंद ठेवलं की मरतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको. दर रविवारी ते मला सुरू करून कॉलनीत एक चक्कर मारत. अशाच एका रविवारी कोपऱ्यावर कुत्रं आडवं आलं म्हणून त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. घरी आलो तर दार सताड उघडं, साळूबाई उंबऱ्यात आणि चहा उकळून खाली सांडतोय.

"ज्ञान्या आला ना?" तिने विचारलं.

तिचं विसरणं तोवर सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग नावं, मग वर्षं. संध्याकाळ झाली की ती येरझाऱ्या घालायची, गेट हलवायची, पोरगा अजून का आला नाही म्हणून रडायची. मोतीरामबाबांनी पुष्कळदा समजावलं होतं, की ज्ञानेश आयर्लंडला आहे. ते ऐकून ती दर वेळी नव्याने हंबरडा फोडायची. त्या रविवारी बाबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "आला. मागच्या दारी हातपाय धुतोय." साळूबाई शांत झाली. चहा गाळला, दोन घास जेवली आणि काय विचारलं होतं तेही विसरून झोपली.

तेव्हापासून हे रोजचं झालं. दिवस मावळायला आला की बाबा मला गुपचूप बाहेर काढतात, एक चक्कर मारतात आणि कोपऱ्यावर दोनदा हॉर्न वाजवतात. वजन त्यांचं, घरी पोहोचतो ज्ञानेश. जो माणूस आपल्यावर बसलेलाच नाही, त्याला रोज घरी आणायचं, याची मला भीती वाटते. कधीकधी तर परतताना मागच्या सीटवर खरंच कोणीतरी टेकल्यासारखं वाटतं आणि माझं इंजिन गचके खातं. त्यात बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. समोरच्या गाडीचा दिवा आला की ते चाचपडतात.

गेल्यानंतर पाच वर्षांनी ज्ञानेश आणि तृप्ती आले. त्याने दाढी राखलेली, अंग सुटलेलं. माझ्या हँडलवर हात ठेवून तो क्षणभर उभा राहिला आणि आईच्या पाया पडायला आत गेला. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"कुठून आले म्हणायचे पावणे?" साळूबाईने विचारलं.

"आई, मी ज्ञानेश."

"ज्ञानेश माझ्या पोराचं नाव हाय. येईल तो आता. चहा घेता ना?"

त्याने लग्नाचे फोटो दाखवले, लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, तिचे हात धरले. तिने ते हळूच सोडवून घेतले आणि डोक्यावर पदर ओढला. दिवस मावळला, बाबा मला घेऊन निघाले. रोजच्यासारखा हॉर्न वाजला आणि आम्ही पोर्चमध्ये शिरतोय तोच घरात साळूबाई लगबगीने उठली.

"बसा हां. माझा ज्ञानेश आला."

ज्ञानेश सोफ्यावरच बसून होता. बाबा आत आल्यावर त्याने विचारलं, "बाबा, हे रोज?" बाबांनी नुसती मान हलवली. त्या संध्याकाळी कोणी कोणाच्या डोळ्यांत बघितलं नाही.

सुट्टी अशीच सरली. आई पाव्हण्याला आग्रहाने वाढत होती, पाव्हणा दर वेळी "आई" म्हणत होता आणि ती कावरीबावरी होत होती. निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्याशेजारी पायरीवर बसून रडला. तृप्ती बाहेर आली.

"मी काय करू गं? आता मी गेलो, तर मी आलो होतो हेसुद्धा तिला कळणार नाही."

तृप्ती त्याच्याशेजारी बसली. "तिकडे काय करतोस तू? वृद्धाश्रमात कामाला आहेस, तिथल्या म्हाताऱ्या तुला कधी पॅट्रिक म्हणतात, कधी शॉन. तू त्यांची चूक काढतोस का? मुकाट्याने पॅट्रिक होतोस आणि सूप भरवतोस. मग इथे ज्ञानेश व्हायला काय हरकत आहे?"

तो डोळे पुसून उठला. मग आत गेला, बाबांचा जुना स्वेटर घातला, हेल्मेट घातलं आणि दिवस मावळताना मला बाहेर काढलं. मित्रांनो, किती वर्षांनी माझ्यावर तो हात होता! चौकातून वळताना मागची सीट अगदी हलकी वाटली. कोपऱ्यावर त्याने हॉर्न दोनदा वाजवला. माझा घसा आणखीच घोगरा झाला.

दार उघडलं. साळूबाई उंबऱ्यात उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला, की तसा मी तो शोरूममधल्या दिवसानंतर पाहिला नव्हता.

"आलास रं बाबा! लय उशीर केला आज." मग जवळ येऊन ती हळूच म्हणाली, "हे बघ, आपल्याकडं फारिनचा एक पावणा आलाय. उद्या चाललाय. लय गुणाचा हाय, पण त्याला आई नाय वाटतं. सारखा मलाच आई म्हणतो. माझ्यानं काय त्याला बोलवंना. तू बोल त्याच्याशी दोन शब्द. मोकळ्या हातानं पाठवू नको."

ज्ञानेशने हेल्मेट काढलं नाही. काढलं असतं तर दाढी दिसली असती.

"बोलतो, आई," तो म्हणाला.

"जेवला का नाय कोण जाणे," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. तो तसाच, डोक्यावर हेल्मेट ठेवून, माझ्या सीटला धरून उभा राहिला. तृप्तीने येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते दोघं गेले. जायलाच हवं होतं, तिकडेही कुठलीतरी म्हातारी पॅट्रिकची वाट बघत असणार. संध्याकाळी बाबांनी डोळ्यांत औषध घातलं, चष्मा पुसला आणि मला गेटबाहेर काढलं.

मित्रांनो, मला नवा रंग नको, नवी सीट नको. माझं एवढंच मागणं आहे. दिवस मावळताना तुमच्या रस्त्यावर एखादा म्हातारा जुन्या स्कूटरवरून फार हळू जाताना दिसला, तर मागून हॉर्न मारू नका, त्याला कट मारून पुढे जाऊ नका. थोडं थांबा, त्याला वाट द्या. त्याला आपल्या मुलाला घरी पोहोचवायचं असतं.