पाठमोरी खुर्ची

संस्थेत त्यांना सगळे अधिकउणे म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी तळघरातल्या एका खोलीत वजनांचं वजन केलं. दुकानांत, दवाखान्यांत, कारखान्यांत जी वजनं वापरतात ती ज्या वजनांवरून तपासली जातात, ती तरी खरी आहेत का, हे बघायचं त्यांचं काम. काचेच्या पेटीतला तराजू असा हळवा, की माणूस जवळ उभा राहिला तरी त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलायची आणि काटा बिथरायचा. म्हणून ते चार हात लांब स्टुलावर बसत, छोट्या दुर्बिणीतून काटा वाचत आणि वाचलेल्या आकड्यापुढे न चुकता लिहीत : अधिक-उणे इतकं. आपल्याला किती माहीत नाही, हे ज्याला सांगता येत नाही त्याने मोजूच नये, असं त्यांचं मत होतं, आणि ते मत ते नव्याने नोकरीला लागलेल्या प्रत्येकाला ऐकवून सोडत.

घरीही तीच तऱ्हा. “किती वाजता याल?” असं बायकोने विचारलं, की उत्तर यायचं, “सहा. अधिक-उणे दहा मिनिटं.” पहिली वीस वर्षं तिला याचं हसू यायचं.

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. त्यांतली शेवटची दोन मात्र कुरबुरीची गेली. ती स्वयंपाकघरातून काही सांगायची आणि बाहेरच्या खोलीतून उत्तर यायचं नाही. एकदा ती न्हाणीघरात असताना दूध उतू जाऊन शेगडीभर झालं.

“तीनदा सांगितलं, गॅस बंद करा म्हणून!”

“तू सांगितलंच नाहीस.”

“समोर बसून बोललं की सगळं बरोबर ऐकू येतं तुम्हाला. कामाचं सांगितलं की कानाडोळा.”

दोघंही आपापल्या जागी ठाम. शेवटी सुनेनेच मध्ये तोंड घातलं. ती एका कानाच्या दवाखान्यात श्रवणतपासणीचं काम करायची. “बाबा, उद्या माझ्याबरोबर चला. एकदाचा निकाल लागू दे.”

तपासणीची खोली म्हणजे खोलीतली खोली होती. जाड दार, भिंतींना राखाडी स्पंज, एक खुर्ची आणि समोर काच. काचेपलीकडे सून यंत्रापाशी बसलेली. तिने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. “आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी.” मग दार लागलं, आणि अधिकउण्यांना वाटलं, आपण कापसात बुडतोय.

अशी शांतता त्यांना तळघरानंतर प्रथमच भेटत होती. आधी स्वतःचा श्वास जाणवला. मग तोही विरला. मग कुठून तरी लांबून एक शिट्टी आली, बारीक, गोल. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा आली, आणखी बारीक. पुन्हा दाबलं. हळूहळू ती इतकी पुसट झाली, की खरंच आली की आली असं नुसतं वाटलं, हेच सांगता येईना. आहे, नाही, आहे. पाण्याखाली हललेली सावली जशी. त्यांना मनापासून बरं वाटलं. सारा जन्म त्यांनी याच कडेवर काढला होता. काट्याचं टोक या रेघेवर की त्या, हे ठरवत. काचेपलीकडे सुनेचा चेहरा दिव्याच्या उजेडात तरंगत होता आणि त्यांना वाटत होतं, हे संपूच नये.

“तीस,” तिने बाहेर आल्यावर सांगितलं. “वीसपर्यंत अगदी उत्तम धरतात, आकडा वाढेल तसं ऐकणं कमी. तुमच्या वयाला तीस म्हणजे छानच. कानात यंत्रबिंत्र घालायची काही गरज नाही.”

“म्हणजे मुद्दामच उत्तर देत नाहीत,” सासूबाई संध्याकाळी म्हणाल्या आणि विषय मिटला.

पण अधिकउण्यांच्या दृष्टीने तो मिटणार कसा? एकदा मोजणं म्हणजे न मोजणंच. “उद्या परत येतो,” ते सुनेला म्हणाले. ती हसली, तिला त्यांची खोड ठाऊक होती. दुपारी रोगी नसत, तेव्हा ती त्यांना बसवू लागली. दुसऱ्या दिवशी तीस आलं. तिसऱ्या दिवशी पस्तीस. चौथ्या दिवशी पुन्हा तीस. त्यांनी खिशातल्या वहीत लिहिलं : तीस, अधिक-उणे पाच. खरं म्हणजे आता जायचं कारण उरलं नव्हतं. पण त्या खोलीची त्यांना ओढ लागली होती. ते पाचव्या दिवशीही गेले.

त्या दिवशी जेवण जरा जास्त झालं होतं. शिट्ट्या येत होत्या, ते बटण दाबत होते, डोळ्यांवर झापड येत होती. त्यांनी डोळे मिटले. एक मोठी, मऊ शांतता पसरली. कुठे काही नाही. संपली वाटतं तपासणी, असं मनाशी म्हणत ते तसेच बसून राहिले. मग वाटलं, सून दार उघडायला का येत नाही? त्यांनी डोळे उघडले. ती यंत्रावर वाकलेली होती, तिचा उजवा खांदा किंचित उचलला गेला, आणि शिट्टी आली.

त्यांनी बटण दाबलं नाही. पुन्हा डोळे मिटले. मनातल्या मनात साठ मोजले. शांतता. डोळे उघडले. खांदा हलला, शिट्टी आली. मिटले. गेली. उघडले. आली.

त्यांची झोप कुठल्या कुठे पळाली.

नोकरीच्या बाराव्या वर्षी तळघरात असंच झालं होतं. सहा महिने प्रत्येक वजन केसभर जास्त भरत होतं. चाळीस वाचनं घेतली, चाळीसही एकमेकांशी सख्ख्या भावांसारखी जुळली, आणि चाळीसही चूक होती. भिंतीमागून गरम पाण्याचा नवा नळ गेला होता. तेव्हापासून ते सांगत आले होते, की पुन्हापुन्हा मोजून आकड्याची थरथर कमी होते, त्याचा कल सुधारत नाही. वाकडी पट्टी हजारदा लावली तरी ती वाकडीच मोजणार. आणि आज स्वतःच्या वहीत त्यांनी “अधिक-उणे पाच” असं झोकात लिहून ठेवलं होतं.

ते थोडा वेळ हातातल्या बटणाकडे बघत राहिले. सांगितलं नाही तर कुणाला कळणार होतं? आकडा चांगला होता. कानात यंत्र घालायचं नव्हतं. बायकोचा रागही आता जुना, सवयीचा झाला होता. शिवाय ही शिट्टी त्यांना खरोखर ऐकू येत होती; ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलत असते तर सोपं गेलं असतं.

त्यांनी काचेवर टकटक केली. सून दार उघडून आत आली.

“काय झालं बाबा? गरम होतंय?”

“तुझा आकडा चुकलाय.”

“चार दिवस जवळपास तोच येतोय की!”

“म्हणूनच तर पटला मला. अगं, मी ऐकत नाहीये. मी तुला बघतोय. तुझा खांदा हलला की मला शिट्टी ऐकू येते.”

ती हसायला लागली, मग त्यांचा चेहरा बघून थांबली. “पण मग तुम्हाला शून्यापर्यंत सगळंच ऐकू यायला हवं होतं. तीसच्या खाली तुम्ही बटण दाबत नाही.”

हे मात्र त्यांनाही कोडं होतं. ते म्हणाले, “तीसच्या खाली गेलीस की तू काय करतेस?”

“काही नाही. आवाज देते आणि...” ती बोलता बोलता अडखळली. “खाली बघते. उजव्या हाताने कागदावर लिहायला लागते, बटण डाव्याने दाबते.”

“का?”

“कारण मला वाटतं, आता काही तुम्हाला ऐकू येणार नाही.” तिने खालचा ओठ दाताखाली धरला. “माझी चूक आहे, बाबा. रोग्याला हात दिसता कामा नये, हे पहिल्याच महिन्यात शिकवतात आम्हाला. तुम्ही घरचे, म्हणून मी समोरच बसवलं.”

“तू कशाला वाईट वाटून घेतेस? तुला जेवढं मला ऐकू यावंसं वाटत होतं, तेवढं मला येत होतं. ते तीस माझ्या कानांचे नव्हते, इतकंच.”

तिने खुर्ची भिंतीकडे फिरवली. काच त्यांच्या पाठीमागे गेली. दार लागलं. समोर नुसता राखाडी स्पंज. या वेळी शांतता लांबच लांब होती, आणि तिच्यात काहीच तरंगत नव्हतं. खूप वेळाने एक आवाज आला, चांगला मोठा, शेजारच्या घरात कुणी हाक मारावी तसा. त्यांनी बटण दाबलं.

पासष्ट. दुसऱ्या कानाचे साठ.

घरी जाऊन त्यांनी बायकोला खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बसले आणि सगळं सांगितलं. समोरचा माणूस दिसत असला की ओठांवरून, हातांवरून ते बोलणं उचलत होते, त्यांच्याही नकळत. पाठ फिरली की घर मुकं होत होतं.

“म्हणजे दोन वर्षं मी भिंतीशी बोलत होते,” ती म्हणाली.

“काय काय सांगितलंस?”

“आता काय आठवणार? भाजी संपली, बेल वाजली, हेच.” मग तिचा आवाज बारीक झाला, पण ओठ त्यांना दिसत होते. “माझी मैत्रीण गेली, तेही मी स्वयंपाकघरातूनच सांगितलं होतं तुम्हाला. फोन आला तेव्हा माझ्या हातांना पीठ होतं. तुम्ही पेपरचं पान उलटलंत.”

“कुठली मैत्रीण?”

“शिवण शिकवायची ती.”

“ती गेली? अगं, कधी?”

“चौदा महिने झाले. मध्ये एकदा तुम्ही मला विचारलंत, हल्ली ती येत नाही का म्हणून. मी उठून आत गेले. मला वाटलं, इतका कसा हा माणूस कोरडा.”

दर मंगळवारी येऊन मोठ्याने हसणारी ती बाई त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. चौदा महिने ती त्यांच्या हिशेबी जिवंतच होती. कुठेतरी, जरा कामात. त्यांना एकदम रडू आलं. बायकोला वाटलं होतं, सांगताना आपल्यालाच रडू येईल. पण तिचं रडून झालेलं होतं, आणि आता ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, जणू फोन आत्ताच आला होता आणि तो त्यांना आला होता.

यंत्र पंधरा दिवसांनी कानात बसलं. पहिले दोन दिवस भांडी, पाणी, कागद सगळंच अंगावर आलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “तिच्या घरी जाऊन येऊ या.”

“आता? लोक काय म्हणतील?”

“मला आत्ताच कळलंय, असं सांगेन. खरंच आहे ते.”

दार मैत्रिणीच्या मुलीने उघडलं. ती गोंधळली, मग बायकोचा हात धरून तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. अधिकउणे बाहेर खिडकीपाशी बसले. उन्हं कलली होती. आत कुणीतरी शिलाई मशीन चालवत होतं; ती भरभर धावायची, थांबायची, पुन्हा धावायची. तिच्या मधूनमधून बायकोचा आवाज येत होता. दोन भिंतींपलीकडून शब्द काही कळत नव्हते. पण ती बोलत होती, तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि तरी ती बोलत होती. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि ऐकत बसले.