तेराचा पत्ता

"काका, नेहमी तुमचाच पत्ता कसा हो वेगळा?" टीमची प्रमुख हसत म्हणाली. काकांच्या मुलीच्या वयाची होती ती. टेबलाभोवतीच्या सहा जणांनी तीनचे पत्ते टाकले होते, काकांनी तेराचा.

कंपनीत नवी पद्धत आल्यापासून कुठल्या कामाला किती दिवस लागतील हे असं पत्ते टाकून ठरायचं. एकमत होईपर्यंत पुन्हा पुन्हा टाकायचे. आजचं काम पेन्शनच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या दुरुस्तीचं होतं, आणि अठ्ठावीस वर्षं तो सांभाळणाऱ्या काकांशिवाय त्यातलं कुणाला ओ की ठो कळत नव्हतं.

"काम तीनच दिवसांचं आहे गं," काका म्हणाले. "पण वरच्या मजल्यावरच्या चार सह्या? तिथे कुठे आलीय तुमची नवी पद्धत?"

"आपण आपल्यापुरतं बघायचं हो काका."

एरवी काका हटले नसते. खडूस म्हणून त्यांची ख्यातीच होती. पण सकाळीच गावाहून भाचीचा फोन आला होता. "मामा, आईचं ऑपरेशन बुधवारी आहे. सारखी विचारतेय, तो येणार ना?" काकांची स्वतःची आई गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते. ताईनेच त्यांना लहानाचं मोठं केलं. आणि हातातलं काम संपल्याशिवाय रजा मिळणार नव्हती.

त्यांनी तीनचा पत्ता टाकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आकडा खोटा आहे हे काकांना पक्कं ठाऊक होतं, पण तो खरा व्हावा असं फार वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी काम झालं, अगदी बिनचूक. मग कागद वर गेला आणि वरच बसला. रोज सकाळी सगळे गोल करून उभे राहिले की प्रमुख विचारायची, "कुणाला काही अडचण?" काका म्हणायचे, "सही." ती लिहून घ्यायची. दोनदा त्यांनी रजेचा विषय काढून पाहिला.

"वरून शंका आली तर उत्तर कोण देणार, काका? होईल हो उद्या." वरच्यांपुढे तिचंही काही चालत नव्हतं.

काका ताईला रोज तोच निरोप धाडायचे, उद्या निघतो. ऑपरेशन झालं, ताई घरी आली, आणि मग खालावतच गेली. पत्ते टाकल्यापासून बाराव्या दिवशी सकाळी ती गेली. चौथी सही त्याच दुपारी झाली.

काका पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. भाची त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. ताईच्या पलंगाशेजारी एक खाट होती, वर पांढरीशुभ्र चादर.

"तुमच्यासाठी घातली होती, मामा. रोज चादर बदलायला लावायची. म्हणायची, उद्या येतोय तो, त्याला चुरगळलेली चालत नाही."

काका खाटेवर बसले नाहीत. भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले, आणि चादरीला धक्का लागू नये म्हणून जरासे बाजूला सरकले.