हिरव्या वाडग्याचा तळ

माझं डोकं लवकर तापतं आणि मला माझ्या नजरेचा माज होता. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकून कुणाला नवल वाटायला नको.

बेळगावात खडेबाजारात माझं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. त्यातही माझा जीव रंगीत काचेवर, साच्यात दाबून काढलेल्या. साच्याची शिवण कुठून गेलीय, रंग कसा उतरलाय, कारखान्याचा छाप कोणता, हे बघून मी भांड्याचं वय सांगतो. पण सगळ्यात आधी बघतो तो तळ. भांडं वर्षानुवर्षं दगडावर, फळीवर सरकत राहतं, तळाच्या कडेला बारीक ओरखडे पडतात. ओरखडे नाहीत तर वस्तू नवी, हा माझा पक्का नियम.

गेल्या वर्षी निपाणीचा गोमटेश दुकानात आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला हिरवा वाडगा त्याने काउंटरवर ठेवला. त्याच्या आजीच्या, राजमती आक्कांच्या देवघरातला. बस्तीतल्या, जैन मंदिरातल्या, अभिषेकाचं पाणी, म्हणजे गंधोदक, त्यात घरी आणायचं आणि सगळ्यांनी डोळ्यांना लावायचं. पणजोबांनी आणलेला वाडगा कुठल्या कारखान्याचा, एवढंच त्याला हवं होतं.

मी वाडगा उलटा केला. तळाला आठ पाकळ्यांचं कमळ, त्यातली तिसरी पाकळी टोकाला मोडकी. हा छाप मी कधी पाहिला नव्हता. आणि कड तर अगदी गुळगुळीत, एक ओरखडा नाही.

"नवा आहे," मी म्हणालो. "जुन्याची नक्कल."

"असं कसं अण्णा? आमच्यात लई वर्षं हाय ह्यो."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि हा पोरगा त्यांच्यादेखत माझ्या शब्दावर शंका घेत होता. माझं टाळकं सरकलं. "मग जुना कुणीतरी बदलला असंल. घरात भांडी कोण घासतं, त्यांना इचार जा!"

हे मी बोललो. छाप ओळखता आला नाही, हे मात्र बोललो नाही.

देवघरातली भांडी गुणाबाई घासायच्या, तीस वर्षं. महिन्याभरात कळलं की त्यांना कामावरून काढलं. वाईट वाटलं, पण आपलं निदान बरोबर निघालं म्हणून बरंही वाटलं. खोटं कशाला सांगू?

यंदा चिकोडीच्या एका घरातून काचेचा पेटारा आला. त्यात तोच वाडगा निघाला. तेच कमळ, तीच मोडकी पाकळी. दोन्ही एकाच साच्यातून निघालेले. याचा तळ बोटाला लागण्याइतका झिजलेला, आणि पेटाऱ्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली पिवळी चिठ्ठी अजून शाबूत: कमळछाप कारखाना, सन १९३६. म्हणजे गोमटेशचा वाडगाही जुनाच, नक्कल नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्याच बसने निपाणी गाठली. राजमती आक्कांच्या देवघरात वाडगा संगमरवरावर ठेवला होता. मी उचलून उलटा केला. तळाला ओरखडे, अगदी ताजे.

"आक्का, हे कधी पडले?"

"आता पडायलेत बघा," त्या म्हणाल्या. "गंधोदकाचं भांडं भुईला टेकवू न्हाय. आदी सासूबाई, मग गुणा जुन्या लुगड्याची चुंबळ करायची, तीवर ठेवायची. दर आठवड्याला चुंबळ धुवायची. आता कोण करतंय तेवढं?"

मी सदलग्यात वाढलो. माझी आईसुद्धा गंधोदकाची वाटी चुंबळीवरच ठेवायची. लहानपणी रोज बघितलेली गोष्ट मला माझ्या नियमापुढे आठवली नाही. गुणाबाईंनी तीस वर्षं ओरखडा पडू दिला नाही, आणि तेवढ्यावरून मी त्यांना चोर ठरवलं.

मी आक्कांना सगळं सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या. "आमीबी इचारलं न्हाय तिला," त्या म्हणाल्या. "परत कामाला ये म्हणावं."

गुणाबाई दोन गल्ल्या पलीकडे राहतात. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होत्या. मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच सांगितलं. माझी चूक झाली म्हणालो, पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"आक्कास्नी सांगितलासा?"

"व्हय. या म्हणाल्यात त्या. परत कामाला या."

त्यांनी हातातली बिडी बांधून पुरी केली. "आन बस्तीत? तितं बायका माझ्याशेजारी बसत न्हाईत आता. म्हणून मी जायाचं सोडलं."

"तुम्ही चला माझ्यासंगं. सगळ्यांसमोर सांगतो."

"मी न्हाय येत. मी संगं आले, तर मीच तुमाला बोलवून आणलं म्हनतील. तुमचं तुमी सांगा."

रविवारी अभिषेक झाल्यावर मी बस्तीत उभा राहिलो. नाव, गाव, धंदा सांगितला आणि म्हणालो, मला छाप ओळखता आला नाही म्हणून मी एका बाईला चोर म्हणालो. बायकांच्या बाजूने एकीने विचारलं, "गुणाक्का कुठं हाय मग?"

राजमती आक्का पदराने वाडग्याचा तळ पुसत होत्या, पुन्हा पुन्हा. ओरखडे काही जात नव्हते.