दोघींचे वेगवेगळे तास

जुळ्या असल्या तरी घरात त्यांना मोठी आणि धाकटी म्हणत. मोठी जन्माला आली आणि डॉक्टरांनी उसंत घ्यायच्या आत धाकटी आली, एवढंच काय ते अंतर. पण मोठीने त्या अंतराचा पुरता संसार मांडला होता. धाकटीचं दप्तर ती भरायची, पेन्सिलींना टोक काढून ठेवायची, गृहपाठाची आठवण करायची आणि शाळेच्या फाटकापाशी "ओळखपत्र?" म्हणून विचारायची. धाकटीचं ओळखपत्र असायचं मोठीच्याच खिशात. विचारायचं ते धाकटीला सवय लागावी म्हणून. सवय काही लागली नव्हती.

आई दातांच्या कवळ्या बनवायच्या कामावर जायची आणि बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्ट कधी अडकेल याचा नेम नसल्यामुळे बाबांच्या येण्याजाण्याचाही नसायचा. "मोठी आहे म्हणून घर चाललंय," असं दोघंही कौतुकाने म्हणायचे, आणि त्यात सगळ्यात जोरात मान डोलवायची ती धाकटी.

सहावी संपत आली तेव्हा शाळेने कळवलं, की सातवीत प्रत्येकाने दोन विषय आपल्या आवडीने निवडायचे. चित्रकला, संगीत, सुतारकाम, संगणक, बागकाम, नाटक. शाळेच्या संकेतस्थळावर शुक्रवारपर्यंत नोंदणी चालू राहणार होती. जागा मोजक्या होत्या. वर्गबाईंनी बजावलं, "निवड तुम्ही करायची. घरच्यांनी फक्त शेवटी होकार द्यायचा. कुणाच्या बाबांना चित्रकला आवडत असेल, तर त्यांनी घरी चित्रं काढावीत."

मोठीने त्याच संध्याकाळी पट्टीने रेघा मारून वेळापत्रक तयार केलं आणि जेवताना सगळ्यांसमोर ठेवलं. "संगणक आणि चित्रकला. दोघींना. तास लागोपाठ आहेत आणि खोल्या एकाच मजल्यावर आहेत. म्हणजे ही हरवणार नाही."

"मला सुतारकाम हवंय," धाकटी घास चावत म्हणाली.

"काय?"

"सुतारकाम. त्या खोलीवरून जाताना लाकडाचा वास येतो ना, तो मला आवडतो."

"वासासाठी कुणी विषय घेतं का? आणि तिथे करवती असतात. तुला कात्री दिली तरी बोट कापून घेतेस."

"घेईन कापून. माझंच बोट आहे."

बाबांना हसू आलं. आई म्हणाली, "घेऊ दे की तिला. तू घे तुला हवं ते."

मोठीने वेळापत्रकाची घडी घातली. "ठीक आहे. मग हिचं सगळंच हिने बघावं," ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

रागाच्या भरात बोललेलं माणूस सकाळी विसरतं, पण मोठी विसरणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने फक्त आपलं दप्तर भरलं. धाकटी भूगोलाच्या तासाला गणिताचं पुस्तक घेऊन बसली. त्यानंतर डबा घरी राहिला, मग ओळखपत्र राहिलं, आणि एकदा तर दोन्ही पायांत वेगवेगळे मोजे घालून ती कवायतीला उभी राहिली. मोठी दुरून बघत होती. तिला वाटलं होतं, ही आता रडत येईल आणि म्हणेल, ताई, चुकलं माझं. धाकटी आली नाही. मैत्रिणीच्या डब्यातलं खाल्लं आणि हसत हसत घरी गेली. मोठीला त्याचाच जास्त राग आला.

शनिवारी सकाळी वर्गबाईंचा आईला फोन आला. आई कामावरून तशीच शाळेत पोचली. बाहीवर प्लॅस्टरची पांढरी भुकटी होती. बाईंच्या टेबलासमोर दोघी मुली उभ्या होत्या.

"दोघींची नोंदणी झालेली नाही," बाई म्हणाल्या.

आईने धाकटीकडे पाहिलं. "विसरलीस ना?"

"मला वाटलं शुक्रवार उद्या आहे," धाकटी म्हणाली.

आईने कपाळाला हात लावला. बाई मात्र मोठीकडे बघत होत्या. "हिचं मी समजू शकते. पण तू रोज ते पान उघडत होतीस. आम्हाला दिसतं ते. उघडायचीस आणि काही न भरता बंद करायचीस. असं का?"

 मोठीने ओठ घट्ट मिटले होते, पण तिला रडू आवरेना. धाकटी पडली, रडली, हरवली की शेजारी कोरड्या डोळ्यांनी उभी राहणारी ही मुलगी, आज टेबलाची कड धरून हुंदके देत होती. आई घाबरलीच.

"मला काय आवडतं तेच मला माहीत नाही," मोठी कशीबशी म्हणाली. "हिला काय जमेल, कुठे सोपं पडेल, ते सगळं मला कळतं. माझं म्हणून विचार करायला लागले की काही येतच नाही डोक्यात."

 आईने तिला जवळ ओढलं. "आम्ही तुला कधी विचारलंच नाही ग," ती म्हणाली. "तू काही मागायची नाहीस, आणि आम्हाला ते बरं पडायचं."

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "रडण्यात काही बिघडलं नाही. मला उलट बरं वाटलं. ऑफिसशी मी बोलते, बुधवारपर्यंत वेळ देतील ते. तोवर तू एकेका वर्गात जाऊन बस. घाई करून काही ठरवू नकोस. आणि तू," त्या धाकटीकडे वळल्या, "सुतारकामाच्या जागा भरल्या आहेत. सरांना जाऊन स्वतः भेट. बहिणीला पाठवायचं नाही."

घरी जाताना दोघी आईच्या दोन बाजूंनी चालत होत्या.  अर्ध्या वाटेत धाकटीच म्हणाली, "तुला काय आवडत नाही ते मला माहितीये. सांगू?"

"सांग."

"कुणी तुझी पेन्सिल घेतलेली. सायीचं दूध. गळ्यापर्यंत बटणं लावायची. आणि बाबा फोनवर 'पाच मिनिटांत येतो' म्हणतात ते."

"ते मलाही आवडत नाही," आई म्हणाली.

"आणि तुला भांडायला आवडतं," धाकटी पुढे म्हणाली. "पण तू मनातल्या मनात भांडतेस. तुझे ओठ हलतात."

मोठीने पटकन ओठांवर हात ठेवला. पण त्या दिवशी पहिल्यांदा तिला थोडं हसू आलं.

रविवारी रात्री आईने धाकटीला समोर बसवलं. रोज काय न्यायचं त्याचा तक्ता मोठीकडून करून घेऊन भिंतीवर लावू का, असं विचारलं. धाकटी म्हणाली, "तक्ता मी बघतच नाही. वाटेत आलं तरच मला दिसतं." मग तिनेच युक्ती काढली. उद्या न्यायच्या सगळ्या वस्तू दारातच ओळीने मांडायच्या, म्हणजे ओलांडल्याशिवाय कुणाला बाहेर पडताच येणार नाही. रात्री लिफ्ट दुरुस्त करून आलेले बाबा अंधारात तिच्या डब्याला अडखळले आणि बुटांवरून थेट सोफ्यावर गेले. सकाळी धाकटीने ओळीतलं एकेक उचलून दप्तरात भरलं. सगळं होतं. मोठीचा हात दोनदा पुढे झाला होता, तो तिने मागे घेतला.

सोमवारी धाकटी सुतारकामाच्या सरांना भेटली. सर म्हणाले, जागा नाही. मंगळवारी ती पुन्हा गेली, वेळेवर, ओळखपत्र गळ्यात घालून. सरांनी तिला भुसा झाडायला लावलं. तिने कोपऱ्यातलाही झाडला. सर म्हणाले, "पहिल्या सहामाहीत जमणार नाही. दुसऱ्या सहामाहीत पहिलं नाव तुझं. तोवर बागकाम घे, हातांना काम राहील." ती थोडी हिरमुसली, पण फाटकापर्यंत येईस्तोवर सावरली. बागकाम आणि संगीत, असं तिने स्वतः भरलं. भरताना एकदा चुकलं, मग नीट केलं.

मोठीला संगणकाचा वर्ग बरा वाटला. चित्रकलेच्या वर्गात तिने सगळ्यांचे रंग जागच्या जागी लावून दिले आणि चित्र काढायचं राहूनच गेलं. नाटकाच्या वर्गात ती सगळ्यात मागे, दाराजवळ बसली. तिथल्या बाई तरुण होत्या आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी खेळ सांगितला. समोरच्याशी कडकडून भांडायचं, पण खरा एकही शब्द वापरायचा नाही. "तू, दाराजवळची. ये."

"मी फक्त बघायला आलेय," मोठी म्हणाली.

"भांडायलाही येऊन बघ."

समोर एक उंच मुलगा उभा होता, दात काढून हसत. मोठीने खाली बघितलं. मग मान वर करून म्हणाली, "टरबुक." मुलगा हसला. "टरबुक फिसाळी," ती जरा जोरात म्हणाली. आणि मग काय झालं ते तिचं तिलाही कळलं नाही. "टरबुक फिसाळी मचाक! रोजरोज फिसाळी! हुंबर कोण काढणार, मी? डबल हुंबर, मी? गिडगिड मोजे, गिडगिड डबा, आणि मला? मला कुणी तिफाण विचारलं?" ती हातवारे करत होती, पाय आपटत होती, आवाज खिडकीबाहेर जात होता. उंच मुलगा मागे सरकत सरकत भिंतीला टेकला.

शेवटी ती थांबली. मग बाई म्हणाल्या, "बरेच शब्द खरे होते. डबा तर अगदीच." सगळे हसले. मोठीही हसली. तिला धाप लागली होती, कान तापले होते, आणि कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

बुधवारी तिने संगणक आणि नाटक भरलं. आईने होकाराचं बटण दाबायच्या आधी विचारलं, "नक्की?"

"नक्की नाही," मोठी म्हणाली. "पण बघायचंय."

सातवीच्या पहिल्या दिवशी दोघी जिन्यापाशी वेगळ्या झाल्या. धाकटी मागच्या अंगणाकडे निघाली, मोठी वरच्या मजल्यावर. चार पायऱ्या चढून मोठी थांबली. धाकटीच्या पाठीवर दप्तराची चेन अर्धी उघडी होती आणि एक वही बाहेर डोकावत होती. हाक मारावी असं तिला वाटलं. तेवढ्यात धाकटीने स्वतःच हात मागे नेला, वही चाचपली आणि आत ढकलली. चेन लावली नाही, पण वही पडलीही नाही. मोठी वर गेली.

संध्याकाळी जेवायला चौघंही होते. त्या दिवशी एकही लिफ्ट अडकली नव्हती. एरवी शाळेत काय झालं असं आईने विचारलं, की मोठी दोघींच्या वतीने सांगून टाकायची आणि धाकटी खात राहायची. आज आईने विचारलं आणि दोघी एकदमच बोलायला लागल्या.

"आधी तू सांग," मोठी म्हणाली. "मी नव्हते ना तिथे."

धाकटीने हात पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि गांडुळापासून सुरुवात केली.