रेंजचं झाड

कडुलिंबाच्या खालच्या फांदीला अकरा पिशव्या टांगल्या होत्या. पिशव्यांत अकरा मोबाईल: आठ बटणांचे, तीन टचचे. वस्तीतली सत्तावीस घरं खाली ओढ्याच्या खोलगटात. घनसावंगीकडून येणारी रेंज तिथवर उतरत नाही, म्हणून फोन झाडाला. वाजला की जवळ असेल तो उचलतो आणि खाली हाक मारतो.

मी रेंज मोजायचं यंत्र सुरू केलं. उणे शहाऐंशी. हा उणे आकडा जितका मोठा, तितकी रेंज कमी. एकशे वीसच्या पुढे कॉल लागत नाही.

"एक नंबर हाय मॅडम," सुपरवायझर राधेश्याम गाडीतूनच म्हणाले. "मागल्या साली मी इथंच मोजल्तं. लिहा, वस्तीत रेंज हाय. टॉवर नको."

"वस्तीत?" मागून आवाज आला. इथल्या आशा कार्यकर्त्या कांताबाई. "वस्तीत कधी उतरल्ते तुम्ही, राधेश्यामभाऊ?"

"तुम्हीच तर इथं आणल्तं, ताई. चहा पाजल्ता."

"हां, मीच आणल्तं! पाहुणा रेंज मोजायला आला, मंग रेंज हाय तिथंच नेईन ना? तुम्ही झाडाची रेंज आमच्या घरांच्या नावावर चढवताल, हे मला काय ठाऊक!"

राधेश्यामांनी मान फिरवली.

"इकडं बघा. पोळ्याच्या आठवड्यात माझ्या सुनेला, पायलला, कळा आल्या. नागसेननं, माझ्या पोरानं, इथून जीपवाल्याला फोन लावला, फोन पिशवीत टाकला आन् तिला उचलून आणायला खाली पळाला. जीपवाल्याला फाटा सापडंना. तो फोन करून राह्यला, पिशवी वाजून राह्यली, झाडाखाली कोणी न्हाई. सात मिस कॉल. जीप परत गेली." त्यांनी फांदीवरच्या पिशवीला हात लावला. "पायल वाचली. लेकरू न्हाई."

"वाईट झालं, ताई. पन फॉर्मात एका गावाला एकच जागा असती."

मी गेल्या वर्षीची प्रत काढली. खाली त्यांची सही होती. 'मोजणीचे ठिकाण' हा रकाना कोरा.

"हा कोरा का, सर?"

"अहो, कोण वाचतंय ते!"

"मी वाचतेय," मी म्हणाले. यंत्र उचलून मी कांताबाईंच्या मागे निघाले.

"मॅडम, अजून तीन गावं हायेत!" राधेश्याम ओरडले. मी वळले नाही.

झाडापासून घर एकशे चाळीस पावलं. विटांच्या भिंती, वर पत्रे. यंत्र पाहून पायल बाजूला झाली.

"कुठं ठेवू?"

कांताबाईंनी खाटेवर हात आपटला. "हितं. ती हितं पडल्ती."

मी रकाना भरला: कांताबाईंचे घर, खाट. दहा मिनिटं, दहा नोंदी. सरासरी उणे एकशे तेवीस. कॉलचे प्रयत्न दहा. लागले शून्य.