धूर बंद झाला तेव्हा

मी एक जुनी लोखंडी नळी आहे, मित्रांनो. बोटभर लांबीची. गॅरेजमध्ये मला व्हॉल्व्हचं गाईड म्हणतात. माझ्या पोटात एक वाकडा व्हॉल्व्ह अडकलेला दिसेल, त्याला हसू नका.

माझं काम साधं होतं. इंजिनातला जळका वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह माझ्यातून सारखा खाली-वर करायचा आणि मी त्याला सरळ धरायचं. धरायचं म्हणजे आवळायचं नव्हे बरं का. तो तापतो, तापला की फुगतो. म्हणून आमच्या दोघांत केसाएवढी जागा लागते आणि त्या जागेत तेलाचा ओलावा लागतो.

गाडी एका घड्याळजीची, त्याच्या वडिलांपासूनची. आतली जुनी गाईडं झिजून ढिली झाली होती. तेल झिरपून जळायचं आणि निळा धूर थेट गाडीत शिरायचा. घड्याळजीच्या बायकोला दमा. दम लागला की टेकडीपलीकडच्या दवाखान्यात न्यायचं ते याच गाडीतून. काच खाली करून ती खोकत बसायची. "दम्याआधी तुमची गाडीच मला नेणार बघा," असं ती एकदा हसत म्हणाली. ते त्याच्या जिव्हारी लागलं.

गॅरेजच्या मिस्त्रीने जुन्या गाईडाच्या जागी मला बसवलं, तेव्हा मी नवी कोरी होते, आणि आतून थोडं थोडं कोरायला घेतलं. घड्याळजी शेजारीच उभा. त्याने व्हॉल्व्ह घालून पाहिला आणि म्हणाला, "बस. आता पुढे कोरू नका."

"अजून थोडं काढायला हवं, साहेब. तापल्यावर अडकेल तो."

"सगळा जन्म घड्याळं जुळवण्यात गेला माझा. एवढी ढिलाई मी भिंतीवरच्या घड्याळातही ठेवत नाही. आणि वरून रबराचं सील लावा, तेल झिरपायलाच नको."

"या व्हॉल्व्हला सील नसतं लावत. तेल मिळणार नाही त्याला."

"आधी तिला श्वास मिळू दे."

मिस्त्रीने हत्यार खाली ठेवलं आणि सील बसवलं. बायकोचा विषय निघाल्यावर कोण काय बोलणार? पण त्याला सगळं ठाऊक होतं, म्हणून त्याचा राग मला अजून येतो. घड्याळं तापत नाहीत हो.

धूर बंद झाला. शेजाऱ्यांनी वाखाणलं. बायको काच वर करून बसली आणि म्हणाली, "आता बरं वाटतंय." गावातल्या गावात सगळं ठीक चाललं. मी मात्र आतून कोरडी पडत होते.

मग एका दुपारी तिला जोराचा दम लागला. घड्याळजीने चढावर गाडी दामटली. व्हॉल्व्ह लालबुंद झाला, फुगला. त्याला सोडायची मी फार धडपड केली, पण सोडायला जागाच नव्हती. तो उघडाच अडकला, खालून पिस्टन येऊन आदळला आणि अर्ध्या चढावर इंजिन बंद पडलं. घड्याळजी रस्त्यात उभा राहून हात करत होता. एक ट्रक थांबला, तोवर तिचं खोकणं थांबलं होतं, आणि श्वासही.

मिस्त्रीने आम्हा दोघांना ठोकून बाहेर काढलं. घड्याळजीने त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्याने फक्त मला मागून घेतलं. आता मी त्याच्या टेबलावर असते. काम करता करता तो मला उचलतो आणि अंगठ्याने व्हॉल्व्ह ढकलून बघतो. तो हलत नाही.

मित्रांनो, कधी जुनं इंजिन उघडलंत तर माझ्या बहिणींना त्यांची जागा ठेवा, तेल मिळू द्या. थोडा धूर येईल. तेवढ्यापुरती काच खाली घ्या, पण माणूस पोचू द्या.